निळ्या पुस्तकाचा शेजार

दौलत, निळं पुस्तक माझ्याकडेच राहिलं.

तू गेल्याचा निरोप अमरावतीला आला तेव्हा ते माझ्या उशाशी उघडं होतं. शेवटचं प्रकरण तेवढं वाचायचं बाकी होतं. मी ते मिटून पिशवीत टाकलं, बडनेऱ्याला गाडी बदलली, आणि अकोल्याला तुझ्या मळ्यावर पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. सरूवहिनी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुझा धाकटा भाऊ किसन लोकांना पाणी देत होता. मला कोणी काही विचारलं नाही. पिशवीत पुस्तक होतं आणि ते कुठे ठेवावं हे कळेना. तुझ्या घरी पुस्तक परत करायची एक रीत होती. ती ज्याच्यापुढे पाळायची तोच नव्हता. म्हणून ते मी तसंच परत आणलं.

त्यानंतर बरेच दिवस ते माझ्यासोबत हिंडलं. शाळेत न्यायचो आणि तास संपला की काढून बघायचो. वाचायचो नाही. घरी टेबलावर ठेवायचो, मग तिथे बरं दिसत नाही म्हणून फळीवर, फळीवरून पुन्हा पिशवीत. एकदा हिने विचारलं, "तुम्ही पुस्तकाला जागा शोधताय की स्वतःला?" आताही हे लिहायला बसलो, तर दोन ओळी झाल्या की उठतो.

तुला आठवतं का, तू मला मास्तर म्हणायला लागलास तेव्हा आपण दोघंही शाळेत शिकत होतो. तू अमरावतीला मामाकडे राहायचास आणि पहाटे त्यांच्यासोबत भाजी बाजारात टाकून मग वर्गात यायचास. तुझ्या सदऱ्याला कोथिंबिरीचा, तुझ्या भाषेत सांभाराचा, वास असायचा. मी तुला माझं सगळ्यात लाडकं गोष्टींचं पुस्तक वाचायला दिलं. दुसऱ्या दिवशी तू ते परत करताना म्हणालास, "यातला राजा खोटा हाय. एवढा भला माणूस राज्य करूनच राहू शकत नाई." मी दुपारभर तुला समजावलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "तू मास्तर होशीन." मी झालो. तू मळा सांभाळायला अकोल्याला गेलास, आणि तेव्हापासून दर महिन्यातला एखादा रविवार माझा त्या मळ्यावर गेला.

मळ्यातली, मोर्णा नदीच्या काठची ती खोली मूळची कांदे साठवायची. तू तिथे पुण्या-मुंबईहून, पोस्टात पैसे भरून सोडवायच्या व्ही. पी.ने पुस्तकं मागवायला लागलास तेव्हा तुझे वडील म्हणाले होते, "कांदा तरी विकता येते." कपाटांच्या पायांखाली तू पाण्याच्या वाट्या ठेवल्यास, मुंग्या चढू नयेत म्हणून. पानापानांत कडुनिंबाचा पाला घातलास. त्यामुळे तुझ्याकडचं कुठलंही पुस्तक उघडलं की आधी कडू वास यायचा आणि मग मजकूर.

आणि तुझ्याकडून पुस्तकं वाचायला नेणारे सगळे जमायचे, त्या रविवारची ती रीत. पुस्तक परत करायचं तर हातात धरून उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर मत सांगायचं. "चांगलं हाय" एवढं चालायचं नाही. "चांगलं त वांगंबी असते," तू म्हणायचास, "यात काय चांगलं हाय ते सांग." मग बाकीच्यांनी खोडून काढायचं, आणि त्या भांडणावरून तू ठरवायचास, ते पुस्तक कपाटात कोणाच्या शेजारी बसणार. ज्याच्याशी त्याचं जमणार नाही त्याच्या शेजारी. ज्याला कोणीच नावं ठेवली नाहीत ते थेट वरच्या खणात. त्या खणाला तू जावयांचा खण म्हणायचास, मान मोठा आणि काम काही नाही. ज्यांच्यावरून सगळ्यात जास्त वाद झाला ती दाराजवळच्या खणात, हाताशी. ती भावकी.

मी तुला एकदा एक चरित्र भेट दिलं होतं, मला फार आवडलेलं. सगळ्यांना आवडलं. तू ते उचललंस, वर जावयांत नेऊन बसवलंस आणि माझ्याकडे बघून हसलास. मी पुढच्या खेपेला आलोच नाही. त्याच्या पुढच्या खेपेला आलो.

तुझ्या या मांडणीवरून आपलं किती वाजायचं!

"दौलत, इतिहास एकीकडे लाव, कादंबऱ्या एकीकडे लाव. चिठ्ठ्या डकव. साधी यादी तरी कर. उद्या तू नसलास तर कोणाला काय सापडेल?"

"मी कुठी चाललो?"

"समज."

"एका वाफ्यात सारी वांगीच लावली त कीड एका टोकाकून शिरते अन् दुसऱ्या टोकाकून निघते. मंधात झेंडू लागते, मास्तर. तुह्या इतिहासाच्या बाजूले इतिहास ठेवला का दोघंबी झोपून जातात."

"पण सापडायला नको?"

"इचारावं. तोंड कायले देल्लं देवानं?"

हा वाद तू अर्धाच टाकून गेलास. माझं बरोबर होतं, दौलत. तू गेलास आणि कोणाला काही सापडेना. वाद जिंकून इतकं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

निळ्या पुस्तकाचा वाद त्याहून जुना. ती छापखानेवाल्या बाईची कादंबरी. नवरा जातो, मागे छापखाना राहतो. ती तो चालवते, लोक हसतात, तरी चालवते, आणि ज्या दिवसांत तो नीट चालायला लागतो त्याच दिवसांत ती तो विकून टाकते. मी म्हणायचो, लेखकाची हिंमत शेवटी गळाली. बाईला जिंकवायची त्याची छाती झाली नाही. तू म्हणायचास, "बाई दमली हाय बे. नवऱ्याचा गाडा कुठलोक ओढीन? इकला, मोकळी झाली. बरोबर केलं." तरुणपणापासून आपण हेच बोलत आलो. ते पुस्तक भावकीच्या खणातून कधी हललं नाही.

मागच्या खेपेला तू मला अकोला टेसनावर पोचवायला आलास आणि गाडी हलताना ते खिडकीतून आत दिलंस.

"हे कशाला पुन्हा? पाठ आहे मला."

"तुले शेवट पाठ हाय. पुस्तक तू वाचलंच नाई. या बारीनं सुरवातीपासून वाच, अन् येऊन उभा राहा."

तू फलाटावर गाडीसोबत चार पावलं चाललास. डोक्याला मुंडासं नव्हतं, उन्हात कपाळ चमकत होतं. मी हातही हलवला नाही, कारण हातात पुस्तक होतं.

तेरवी झाल्यावर वहिनींनी मला बाजूला बोलावलं. शहरातलं एक वाचनालय तुझी पुस्तकं न्यायला तयार होतं. त्यांची अट एवढीच की ती विषयवार लावून द्यावीत. किसनचे कांदे निघायला आले होते आणि त्याला खोली हवी होती. त्याचंही चुकीचं नव्हतं. तो म्हणाला, "मास्तर, इथं मी वाचणारा नाई. पावसाळ्यात भिजतीन. दादाची पुस्तकं तिथं तरी लोकं हाती घेतीन."

"तुमी लावून द्या," वहिनी म्हणाल्या. "मले त्याइच्या हातचं मोडवत नाई."

"पण तुम्हाला द्यायची आहेत ना, वहिनी?"

त्या शेवंतीची रोपं बघत होत्या. "मी काय करू ठेवून?" एवढंच म्हणाल्या. हो की नाही ते मला कळलं नाही.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. मी तुझ्या खोलीत राहिलो आणि पुस्तकं लावली. मला जसं नेहमी हवं होतं तसं. इतिहास, चरित्र, प्रवास, कादंबरी, शेतकी, वैद्यक. खळ करून चिठ्ठ्या डकवल्या, सुबक अक्षरात आकडे घातले. हात चालत होते तोवर बरं होतं. कुठलं पुस्तक कोणाजवळून उचललं हे बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. वर्षानुवर्षं ज्या मांडणीशी भांडलो ती माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच हातून गेली. काम झाल्यावर मी दारात उभा राहून बघितलं. खोली एखाद्या चांगल्या शाळेसारखी दिसत होती. मला तिथे बसवेना. बाहेर गेलो, मोटेजवळ उभा राहिलो, परत आलो, पुन्हा बाहेर गेलो.

त्या रविवारी कोणी बोलावलं नसताना दोघं आले. तपकीर ओढत बार्शीटाकळीचे पाटील आले, म्हातारे, प्रवासवर्णनांखेरीज काही न वाचणारे. आणि पोस्टातले गणपतराव, तुझी व्ही. पी. सोडवून देता देता वाचक झालेले. पाटलांनी सवयीने हात लांब केला आणि बाहेर निघालं बाळंतपणाचं वैद्यक.

"बाप्पा! हे कावून? कायले?" त्यांनी पुस्तक लांब धरलं. "या वयात मले हे वाचाले लावता का?"

मी त्यांना दुसरं कपाट दाखवलं. "प्रवास तिकडे आहे. चिठ्ठी बघा."

त्यांना त्यांचं हिमालयाचं पुस्तक सापडलं. ते बाजेवर बसले. उघडलं नाही.

"याच्या बाजूले कोन होतं, मास्तर?"

"ते आता कसं सांगू?"

"सयपाकाचं पुस्तक होतं," गणपतराव म्हणाले. "पाटील, तुमीच म्हणलं होतं, का हा बुढा हिमालयात गेला अन् पानोपानी काय खाल्लं तेच सांगून राहिला."

"बरोबर!" पाटील हसले, ठसका लागला, तपकीर सांडली. "अन् दौलत काय म्हणला? म्हणे, याले सयपाकघरात बसवा, तिथंच थो डोंगर चढते."

गणपतराव उठले, स्वयंपाकाचं पुस्तक शोधलं आणि हिमालयाजवळ नेऊन खोचलं. माझी पहिली चिठ्ठी तिथे चुकीची ठरली. मग दुसरी. मी म्हणालो, थांबा, वाचनालयाचे लोक उद्याचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी बैलांची खाचर घेऊन येणार आहेत, सगळं विषयवार हवं. पाटील म्हणाले, "येऊ द्या नं, कोन नाई म्हणते," आणि एक बखर काढून घोड्यांच्या रोगांवरच्या पुस्तकाशेजारी ठेवली. "लढाई हरली थे घोड्यापायी, असं मी म्हणलो होतो. कोनी मानलं नाई."

"अजूनबी नाई मानत," गणपतराव म्हणाले.

दुपारभर ते चाललं. एकेका पुस्तकाची जागा आठवायची तर त्यावर झालेलं भांडण आठवावं लागत होतं, आणि भांडण आठवलं की ते पुन्हा होत होतं. तू यादी केली नव्हतीस, पण ती या लोकांत वाटून ठेवली होतीस. मला राग येत होता आणि मी हसत होतो. मीही उठून माझं ते चरित्र वर जावयांत नेऊन बसवलं. कोणाला सांगावं लागलं नाही.

सगळं काही लागलं नाही. काही पुस्तकांचा शेजार कोणालाच आठवेना. ती बहुतेक तू एकट्याने वाचलेली, किंवा ज्यांच्यावर बोललेली माणसं आता येत नाहीत अशी. ती आम्ही फुलांच्या टोपल्यात ठेवली. जाताना गणपतराव टोपल्याकडे बघून म्हणाले, "हे त पोरकेच झाले." वहिनी उंबऱ्यात बसून हार गुंफत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी अमरावतीला परतलो आणि निळ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचलं. या वेळी सुरुवातीपासून आलो होतो, तू सांगितलंस तसा. तुझं बरोबर होतं, दौलत. ती बाई पहिल्या पानापासून दमत येते. नवऱ्याचा गल्ला, नवऱ्याची गिऱ्हाइकं, नवऱ्याच्या नावाची पाटी. मी इतकी वर्षं तिने लढावं म्हणून हटून बसलो होतो, बसल्या जागेवरून. आणि मग मला दुसरंच दिसायला लागलं. उंबऱ्यातल्या वहिनी दिसायला लागल्या. आम्ही तिघं तुझ्या मायेपोटी ती खोली त्यांच्या गळ्यात तर बांधत नाही ना? त्यांना कोणी नीट विचारलं होतं का? मीही एकदाच विचारलं, आणि कळलं नाही तरी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मी पुस्तक घेऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी खाचर येणार होती. पाटील होते, गणपतराव होते, किसन कांद्याची पोती मोजायला म्हणून येऊन दाराशी थांबला होता. वहिनी उंबऱ्यात, नेहमीच्या जागी फुलांपाशी. तू जिथे बसायचास ती बाज रिकामी होती आणि मला नक्की कोणाकडे बघून बोलावं ते कळत नव्हतं. मी म्हणालो की माझं मत बदललं आहे. बाई दमली होती. दुसऱ्याचं काम किती दिवस ओढायचं हे ठरवायचा तिला हक्क होता, आणि तिने विकलं ते योग्य केलं. तिने ठेवावं असं म्हणणारे आपण कोण?

मी फक्त पुस्तकाबद्दल बोलत होतो असं तुला सांगू शकत नाही.

कोणी खोडून काढलं नाही. पाटलांनी डबी उघडली आणि मिटली. किसन खाली बघत होता. मला वाटलं, झालं, आता हे पुस्तक जावयांत जाणार, आणि उद्या सगळंच जाणार.

"द्या इकडे," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी मांडीवरची फुलं खाली ठेवली, हात पुसले आणि उठल्या. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्यांना उभं राहून बोलताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, रीतीप्रमाणे.

"मीबी वाचलं हाय हे. तुमच्या दोघाइच्या आंधी वाचलं, व्ही. पी. फोडली त्याच दिवशी. बाई दमली म्हणून इकलं, असं हे म्हणत. आता तुमीबी तेच म्हणून राहिले. मंग एक सांगा, मास्तर. इकायच्या आदल्या दिवशी थे छपाईचे, अक्षरांचे खिळे धुवून पुसून, एक एक अक्षर पेटीतल्या ज्याच्या त्याच्या घरात कावून ठेवते?"

मला आठवत होतं ते पान. मी त्यावरून नेहमी पुढे सरकायचो.

"दमलेली बाई तसेच टाकून जाईन. घेणारा धुईन. थे दमली नोती. तिले भेव वाटलं. आंधी लोकं नवऱ्याच्या नावानं येत, आता माह्या नावानं येतीन, अन् चुकलं त माहं चुकीन. याचं भेव. त्यापायी इकलं तिनं. चूक केली."

"मंग इकाले नोको होतं?" पाटलांनी विचारलं.

"नोको होतं."

"दौलत असता त भांडला असता, वैनी."

"भांडलोच आमी. घरात, कितीक खेपा. मिटलं नाई." त्यांनी पुस्तकाची पाठ पदराने पुसली. "त्याइले ऐकूच नोतं यायचं माहं. मोठ्यानं बोलत."

किसन हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

मी विचारलं, "वहिनी, कुठे ठेवायचं हे?"

त्या दाराजवळच्या खणाकडे गेल्या आणि निळं पुस्तक त्याच्या जुन्या जागी, भावकीत ठेवलं. मग टोपल्यात हात घालून कलमं बांधायच्या शास्त्रावरचं एक पातळ पुस्तक काढलं, आमच्यापैकी कोणालाच ज्याची जागा आठवली नव्हती ते, आणि निळ्याला अगदी खेटून लावलं.

"हे इथंच होतं."

"का?" मी विचारलं.

"सांगीन. पुढच्या आइतवारी." मग दाराकडे वळून म्हणाल्या, "किसनभाऊ, यंदा कांदे ओट्यावर पसरा. वरून ताडपत्री टाकू. अन् सकाळी खाचर आली त त्याइले उसाचा रस पाजा अन् वापस धाडा. म्हणा, अजून भांडण मिटलं नाई."

"तुमीच सांगा त्याइले," किसन म्हणाला. "माह्यावर कावून?"

"सांगीन," वहिनी म्हणाल्या.

निघताना त्यांनी मला रिकाम्या हाती जाऊ दिलं नाही. एक जाड, कंटाळवाणं दिसणारं पुस्तक पिशवीत घातलं. "येऊन उभं राहा लागीन," म्हणाल्या, अगदी तुझ्यासारखं.

बडनेऱ्याला अमरावतीची गाडी यायला उशीर होता. मी फलाटावर येरझाऱ्या घालत होतो. पिशवी नेहमीइतकीच जड होती. मला आधी वाटलं, निदान आपला वाद तरी मिटला, दौलत. सगळ्यांसमोर तुझं बरोबर म्हणून मोकळा झालो. पण ते खिळे डोक्यातून जाईनात. धुतलेले, पुसलेले, ज्याच्या त्याच्या घरात. दमलेली बाई असं करत नाही. वहिनींचंच बरोबर आहे. तिने विकायला नको होतं.

म्हणजे तुझं चुकलं. पहिल्यापासून मी हेच म्हणत होतो, फक्त का ते मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, आणि तुला ऐकवायचं आहे.